संत, सेंट आणि नळावरचं ‘सी’

या अंकासाठी वसईपासून बांद्यापर्यंतच्या वाचकांनी युरोपीय भाषांतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांबद्दल विचारलं आहे. कोकणपट्टीला हा विषय परका नाही. इथल्या बेकरीत, बागेत, बंदरावर आणि चर्चच्या अंगणात पोर्तुगीज शब्द शतकानुशतकं नांदतायत. परक्या शब्दांचे उच्चार देवनागरीत बसतील तेवढेच दिले आहेत. पुढच्या खेपेला पत्र लिहिताना शब्दासोबत तो तुमच्याकडे कसा उच्चारतात आणि कोण वापरतं, हेही कळवा. पुष्कळदा उत्तर त्यातच दडलेलं असतं.

वसईहून एक शिक्षिका विचारतात: आम्ही ‘संत’ म्हणतो, इंग्रजीत ‘सेंट’, पोर्तुगीजमध्ये ‘सांतु’. अर्थही तोच. मग मूळ एकच ना? आणि पाद्री, फादर, पितर यांचं काय?

पहिल्या तिघांमध्ये फसगत आहे, दुसऱ्या तिघांमध्ये खरं नातं आहे.

‘सेंट’ आणि ‘सांतु’ हे लॅटिन ‘सांक्तुस’चे वंशज. विधीने पवित्र ठरवलेला, असा त्याचा अर्थ. मधला ‘क’ पुढे झिजून गेला, म्हणून आज तो शब्द आपल्या ‘संत’सारखा दिसतो. आपला ‘संत’ आला तो ‘सत्’पासून. ‘अस्’ म्हणजे असणे, त्याचं रूप ‘सन्त्’: जो आहे तो, जो खरा आहे तो. या शब्दात ‘क’ कधीच नव्हता. दोन्ही शब्द जितके मागे न्यावेत तितके ते एकमेकांपासून लांब जातात, आणि खऱ्या नात्यात याच्या नेमकं उलट होतं.

मग ‘संत’चे युरोपातले सगे कोण? ते तुमच्या वर्गातच आहेत. हजेरी घेताना मुलं ‘प्रेझेंट’ म्हणतात आणि गैरहजर मुलापुढे ‘अ‍ॅब्सेंट’ लिहिलं जातं. या शब्दांच्या शेवटी येणारं ‘सेंट’ हे लॅटिनमधलं ‘असणारा’ आहे, आणि ते आपल्या ‘सन्त्’चं सख्खं भावंड आहे. पुढ्यात असणारा तो प्रेझेंट, दूर असणारा तो अ‍ॅब्सेंट. जुन्या इंग्रजीत ‘सत्य’ या अर्थी ‘सूथ’ होता, तोही याच घरातला. भविष्य सांगणाऱ्याला इंग्रजीत ‘सूथसेयर’ म्हणतात त्यात तो उरला आहे.

आता पाद्री. लॅटिन ‘पातेर’, त्याचं पोर्तुगीज रूप ‘पाद्रे’, त्यावरून आपला पाद्री. (पोर्तुगीजमध्ये जन्मदात्या बापाला आज ‘पाय’ म्हणतात. घरात रोज वापरून शब्द झिजला, धर्मगुरूसाठी मात्र पूर्ण रूप राहिलं.) ‘पितर’ हा संस्कृतातून आलेला त्याचा चुलतभाऊ आणि ‘फादर’ हा जर्मानिक शाखेतला, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या घरातला. तिथे सुरुवातीच्या ‘प’चा ‘फ’ झाला, आणि तो एकाच शब्दात नव्हे, सरसकट झाला. ताडून पाहायला ही रांग वर्गात फळ्यावर लिहा: पितर–पातेर–फादर. पाद–पेस–फूट. पूर्ण–प्लेनुस–फुल. पशु–पेकुस–फी, आज आपण शाळेत भरतो ती ‘फी’ एका बाजूने जुन्या इंग्रजीतल्या गुराढोरांच्या संपत्तीशी जाऊन मिळते. संस्कृतात जोडीदार नसला तरी लॅटिन ‘पिस्किस’ला इंग्रजीत ‘फिश’ मिळतो. अशीच ‘द’ची रांग: दोन–दुओ–टू, दश–देकेम–टेन, दंत–देन्स–टूथ. जर्मनने याच्याही पुढचं पाऊल टाकलं, तिथे ‘ट’चा ‘त्स’ झाला: त्स्वाय, त्सेन, त्सान.

डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने हे 1818 मध्ये मांडलं आणि परीकथा जमवणाऱ्या याकोब ग्रिमने 1822 मध्ये त्याचा पक्का नियम केला. मुलं इथे हमखास विचारतात: मग इंग्रजीत ‘पेडल’ला ‘प’ कसा? तो शब्द उशिरा लॅटिनच्या घरातून उसना आणलेला आहे. नियम चालू होता त्या काळी तो इंग्रजीत नव्हताच. फूट जन्माने इंग्रज, पेडल पाहुणा.

सावंतवाडीचे एक बेकरीवाले विचारतात: ‘पाव’ हा पावशेरातला पाव, की पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव? आणि साबणही पोर्तुगीजच का?

दोन्ही समजुती मागाहून जुळवलेल्या आहेत. लॅटिन ‘पानिस’, त्यावरून इटालियन ‘पाने’, स्पॅनिश ‘पान’, फ्रेंच नाकातला ‘पँ’. पोर्तुगीजमध्ये हा ‘न’ स्वरात विरघळला आणि मागे नुसतं अनुनासिक राहिलं: ‘पांउ’. आपण तेही सोडलं आणि ‘पाव’ झाला. लॅटिन ‘मानुस’ म्हणजे हात, इटालियनमध्ये तो ‘मानो’ राहिला, पोर्तुगीजमध्ये ‘मांउ’ झाला. चंद्र ‘लुना’चा ‘लुआ’ झाला. एक जोडी जुळली तर योगायोग म्हणता येतो. इथे ‘न’ ठरावीक जागीच गळतो आणि दरवेळी गळतो.

साबणाचं कोडंही याच किल्लीने सुटतं. पोर्तुगीज शब्दाचं शेपूट पावासारखंच आहे: ‘साबांउ’. ‘पांउ’चा पाव झाला, ‘लेइलांउ’चा लिलाव झाला, तर ‘साबांउ’चा साबाव व्हायला हवा होता. आपल्या शब्दाच्या शेवटी ठणठणीत ‘ण’ आहे. म्हणून तो फारसीच्या वाटेने अरबी ‘साबून’वरून आला असं मानावं. गंमत अशी की अरबी आणि पोर्तुगीज दोन्ही शब्द शेवटी लॅटिन ‘सापो’लाच जाऊन मिळतात, आणि दोघांनीही ‘प’चा ‘ब’ केला तो वेगवेगळ्या कारणांनी. अरबीत ‘प’ हा ध्वनीच नाही. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला ‘प’ मऊ पडून ‘ब’ होतो. रोमन लेखक प्लिनी सापोला गॉल लोकांचं केस लाल करायचं औषध म्हणतो.

तुमच्या कामाचा आणखी एक शब्द सांगतो: बिस्कीट. लॅटिन ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेलं. संस्कृतात हे दोन्ही शब्द सुखरूप आहेत, ‘द्विः’ आणि ‘पक्व’. लॅटिनमध्ये पुढच्या ‘क’च्या ओढीने पहिल्या ‘प’चाही ‘क’ झाला. बिस्कीट म्हणजे अक्षरशः द्विःपक्व. जर्मन ‘त्स्वीबाक’ने तोच अर्थ आपल्या शब्दांत बांधला. पण हा अर्थ आज बिस्किटात नाही, तुमच्या टोस्टमध्ये आहे: लोफ भाजायचा, पुरता निवू द्यायचा, मग काप काढून मंद आचेवर ओल जाईस्तोवर पुन्हा भाजायचे. गरम असतानाच काप काढले तर चुरा होतो, आणि आच मोठी ठेवली तर वरून रंग येतो पण आत ओल राहून टोस्ट दोन दिवसांत मऊ पडतो. ओल गेली की बुरशी धरत नाही, म्हणून लांबच्या सफरीला गलबतांवर हाच पाव भरत.

रत्नागिरीहून एक विद्यार्थी: पोर्तुगीज आणि स्पॅनिश सोबत शिकतोय. चावीला पोर्तुगीजमध्ये ‘शाव’, स्पॅनिशमध्ये ‘यावे’, इटालियनमध्ये ‘कियावे’, फ्रेंचमध्ये ‘क्ले’. हे एकच कसे?

मूळ लॅटिन ‘क्लाविस’. सुरुवातीच्या जोडाक्षरातला ‘ल’ प्रत्येक भाषेने आपापल्या परीने हाताळला. फ्रेंचने ‘क्ल’ जपला. इटालियनने ‘ल’च्या जागी ‘इय’ आणला. स्पॅनिशने पहिलं व्यंजनच टाकलं. लिहिताना दोन ‘एल’ लागतात ते यासाठी. पोर्तुगीजने सगळ्याचा मिळून ‘च’ केला. हो, ‘च’च. आज लिस्बनमध्ये ‘शाव’ ऐकू येतं, पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोक ‘च’ म्हणत आणि आपण शब्द तेव्हा उचलला. आपल्या चावीतला ‘च’ म्हणजे त्यांचा जुना उच्चार आहे.

‘प्ल’ला हाच नियम लावा. पाऊस: लॅटिन प्लुविया, फ्रेंच प्लुई, इटालियन पियोज्जा, स्पॅनिश युविया, पोर्तुगीज शुवा. भरलेला: प्लेनुस, प्लँ, पियेनो, येनो, शेयु. ‘फ्ल’चंही तसंच, ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाळा, ती करून पाहा. आता शेवटचा शब्द पुन्हा बघा. ‘शेयु’, इंग्रजी ‘फुल’ आणि आपला ‘पूर्ण’ यांच्यात दाखवण्यापुरतंही साम्य नाही, तरी ते एकाच रक्ताचे आहेत. संत आणि सेंट जुळ्यांसारखे दिसतात आणि परके आहेत. हे दोन दाखले शेजारी ठेवले की दिसण्याला किती किंमत द्यायची ते कळतं.

तुम्ही स्वतः ताडताना हा क्रम ठेवा. आधी दोन्ही शब्दांची मिळतील तितकी जुनी रूपं काढा. मग आजचा अर्थ बाजूला ठेवून जुना अर्थ लिहा. त्यानंतर ज्या ध्वनीत फरक आहे त्याच जागेचे निदान तीन-चार दुसरे शब्द शोधा. तसाच फरक सगळीकडे मिळाला तर नातं धरा, नाहीतर सोडा. आणि एक चूक टाळा: शब्द फारच सारखे निघाले तर हुरळू नका. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले शब्द हुबेहूब राहिले असतील तर बहुधा एकाने दुसऱ्याकडून अलीकडेच उसना घेतलेला असतो.

अलिबागहून: ‘पगार’ पोर्तुगीज हे खरं का?

खरं. ‘पागार’ हे त्यांचं क्रियापद आहे, पैसे देणे. आपण त्याचं नाम केलं. मूळ लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांती. देणेकऱ्याने पैसे टाकून घेणेकऱ्याला शांत करायचं. इंग्रजी ‘पे’ आणि ‘पीस’ दोन्ही तिथलेच.

हर्णैचे एक वाचक बोटीवर आहेत. सोबत इटालियन, स्पॅनिश, जर्मन लोक असतात. ते लिहितात: ओळखीचा वाटलेला शब्द नेमका उलटा निघतो. कोणते शब्द जपून वापरावेत?

आधी नळ, कारण तिथे हात भाजतो. इटलीत नळावर ‘सी’ असेल तर पाणी गरम: काल्दो. फ्रान्समध्ये ‘शो’ आणि स्पेनमध्ये ‘कालियेंते’ यांचंही पहिलं अक्षर ‘सी’च, तेही गरम. थंडाला तिन्हीकडे ‘एफ’. पोर्तुगालमध्ये गरमाला ‘क्यू’. इंग्रजी सवयीने ‘सी’ म्हणजे कोल्ड धरलं की संपलं. जर्मन ‘काल्ट’ मात्र खरोखर थंड. काल्दो आणि काल्ट यांचं काही नातं नाही. काल्टचे लॅटिन सगे ‘ग’ने सुरू होतात, जसा ‘गेलिदुस’, आणि इटालियन आइस्क्रीमचं ‘जेलातो’ हे नाव त्याच घरातून आलं.

मग दार. पोर्तुगीज दारावर ‘पुशे’ लिहिलेलं असतं आणि ऐकायला ते हुबेहूब इंग्रजी ‘पुश’ लागतं. अर्थ आहे ‘ओढा’. ढकलायचं असेल तर ‘एंपुर्रे’ लिहितात. आणि इथे योगायोग नाही बरं का. दोन्ही शब्द लॅटिन ‘पुल्सारे’चे, म्हणजे जोराने हलवणे. एक वंशज ढकलायला लागला, दुसरा ओढायला. नातं पक्कं असलं तरी अर्थाची हमी नसते.

‘सालिरे’ असंच वाकडं आहे. लॅटिनमध्ये उडी मारणे. इटालियन माणूस ‘सालिरे’ म्हणाला तर वर चढा, स्पॅनिश माणूस ‘सालिर’ म्हणाला तर बाहेर पडा. शिडीच्या तोंडाशी हा फरक महत्त्वाचा. फ्रेंच ‘सालिर’ म्हणजे घाण करणे. तो जर्मानिक मुळाचा, यांचा कोणी नाही.

जेवणाच्या मेजावर: इटालियन ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये गाढव. नातं नाही.

आणि जर्मन डब्यावर ‘गिफ्ट’ लिहिलेलं दिसलं तर हात लावू नका, ते विष आहे. इथे मूळ एकच, ‘देणे’. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’ म्हणत, म्हणजे ‘दिलेलं’. आपण म्हणतो तो ‘डोस’ हाच, आणि त्याचा धातू आपल्या ‘दान’मधला. जर्मन भाषेने त्याचं शब्दशः रूप केलं ‘गिफ्ट’, आणि दिलेल्या मात्रेचा अर्थ घसरत विषापर्यंत गेला. स्वीडिश माणसाने मात्र स्वतःबद्दल हा शब्द वापरला तर तो लग्न झाल्याचं सांगतोय.

मालवणहून: नाव (होडी) आणि ‘नेव्ही’ एकच का? मग माणसाचं नाव?

मराठीत इथे दोन वेगळे शब्द एकमेकांसारखे झाले आहेत. होडी ती संस्कृत ‘नौ’, लॅटिन ‘नाविस’, पोर्तुगीज ‘नाउ’. इंग्रजी ‘नेव्ही’ फ्रेंचमार्गे त्यातूनच. माणसाचं नाव ते ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन’, इंग्रजी ‘नेम’. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी त्यावर टिंब देत, ‘नांव’. ते गेलं आणि दोन्ही लिहायलाही सारखे झाले. विभक्ती लावली की वेगळे होतात: नावेवर नावाची पाटी. ग्रीक ‘नाउस’वरून इंग्रजीत आलेला ‘नॉशिया’ म्हणजे मळमळ. मूळ अर्थ नेमका आपला ‘बोट लागणे’.

वेंगुर्ल्याहून बागायतदार: काजू, कोबी, नवलकोल ही नावं युरोपात कशी पसरली?

काजू ब्राझीलच्या तुपी भाषेतला, ‘अकाजू’. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात झाड आणि नाव बरोबरच आपल्या किनाऱ्यावर आणलं. इंग्रजी ‘कॅश्यू’, फ्रेंच ‘काजू’ हे सगळे व्यापाराचे शब्द, रक्ताचे नव्हेत; त्यांना ध्वनिनियम लावू नका. इटालियन ‘अनाकार्दियो’ मात्र ग्रीक ‘कार्दिया’, हृदय, यावरून.

कोबी पोर्तुगीज ‘कोव’चा, मूळ लॅटिन ‘काउलिस’, देठ. जर्मन ‘कोल’, इंग्रजी ‘केल’, फ्रेंच ‘शू’ त्याचेच. वरच्या नियमानुसार जर्मानिक शाखेत जन्मजात ‘क’चा ‘ह’ होतो: लॅटिन कानिस (आपला श्वान), इंग्रजी हाउंड, कोर्नू, हॉर्न. कोलमध्ये ‘क’ तसाच आहे, यावरून भाजी आणि नाव दोन्ही रोमनांकडून उशिरा आली हे कळतं. नवलकोल डच ‘क्नोलकोल’: क्नोल म्हणजे गड्डा, कोल म्हणजे कोबी. तोंडात न बसणाऱ्या ‘क्न’ऐवजी आपल्या कानाने ओळखीचं ‘नवल’ बसवलं. डचांची सतराव्या शतकातली वखार तुमच्या गावात आहेच.

देवगडहून: देव, लॅटिन ‘देउस’, ग्रीक ‘थेओस’, इंग्रजी ‘डेव्हिल’. चारही एक? आणि हे साम्य पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

देव आणि देउस सख्खे, दोघांच्या मुळाशी उजळ आकाश. ‘दिवस’ आणि पोर्तुगीज ‘दिया’ त्याच घरातले. इंग्रजी ‘डे’ नाही, कितीही वाटलं तरी. थेओस परका, ग्रीकमध्ये देवाचा खरा भाऊबंद ‘झेउस’. डेव्हिल ग्रीक ‘दियाबोलोस’चा, म्हणजे चहाडखोर.

पाठ्यपुस्तकात कलकत्त्यातला इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स याच्या 2 फेब्रुवारी 1786 च्या भाषणाचा मान आहे, आणि तो योग्यच आहे, कारण या सगळ्या भाषांचं मूळ एकच आणि ते कदाचित आज उरलेलं नसेल, हे त्याने स्पष्ट म्हटलं. पण साम्य त्याच्या दोनशे वर्षं आधी आपल्याच किनाऱ्यावर टिपलं गेलं. फ्लोरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती 1580 च्या दशकात कोचीन-गोव्यात होता. त्याने पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्या लिहिल्या: सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे, देव–दियो, सर्प–सेर्पे. 1588 मध्ये गोव्यातच तो वारला. आणि 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स, ज्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 चं, त्यांनी 1583 मध्ये भावाला लिहिलं की इथल्या भाषांची बांधणी ग्रीक-लॅटिनसारखी आहे. नुसते शब्द जमवण्यापेक्षा बांधणीकडे पाहणं ही मोठी नजर होती. इतकी मराठी आत मुरलेल्या माणसाला ते दिसलं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटतं.

बांद्याहून: पलीकडे गोव्यात खिडकीला ‘जनेल’ म्हणतात. जर्मन ‘फेन्स्टर’, स्पॅनिश ‘व्हेंताना’, इंग्रजी ‘विंडो’. एवढ्या साध्या वस्तूला इतकी वेगळी नावं का?

कारण प्रत्येकाने वेगळी गोष्ट पाहिली. पोर्तुगीज ‘जानेला’ म्हणजे छोटं दार. लॅटिन ‘यानुआ’, दार, त्याचं लाडकं रूप. दारांचा देव यानुस, त्याच्या नावाचा महिना जानेवारी. फेन्स्टर, फ्रेंच ‘फनेत्र’, इटालियन ‘फिनेस्त्रा’ हे लॅटिन ‘फेनेस्त्रा’चे, जर्मनांनी हा शब्द रोमनांकडून उचलला. व्हेंताना ‘व्हेंतुस’वरून, वारा. आणि विंडो जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) ‘विंदाउगा’वरून: ‘विंदर’ वारा, ‘आउगा’ डोळा. वाऱ्याचा डोळा.

आता आपल्या जुन्या शब्दांकडे वळा. ‘वातायन’, वाऱ्याची वाट. ‘गवाक्ष’, गाईचा डोळा. यातला ‘वात’ हा लॅटिन ‘व्हेंतुस’ आणि इंग्रजी ‘विंड’ यांचा सख्खा, आणि ‘अक्ष’ हा नॉर्स ‘आउगा’ व इंग्रजी ‘आय’ यांचा. खिडकी म्हणून ही नावं कोणी कोणाकडून घेतलेली नाहीत. पण भिंतीतल्या भोकाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा उत्तरेकडच्या समुद्रावरच्या माणसांनी आणि संस्कृत बोलणाऱ्यांनी एकाच जुन्या पेटीतले दोन शब्द काढले, वारा आणि डोळा.